रंगीत पाणी आणि सरीद

गेल्या हिवाळ्यात अम्मी मोठ्या आजारातून उठल्या, पण त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले होते. दात गेल्याने भाकरी चावेना, गोश्त तर समोरही नको. म्हणून आम्ही दोघांनी मिनेस्ट्रोने हे इटालियन सूप केले. गाजर, कोबी, टोमॅटो, फरसबी अशा सात भाज्या घातल्या. अम्मींनी दोन चमचे घेऊन वाटी सरकवली. म्हणाल्या, "बेटा, ये तो रंगीन पानी है."

बोल लागला, पण खरा होता. भाज्या भरपूर होत्या, ताकद देणारे काहीच नव्हते.

मग आम्ही टस्कनीतल्या शेतकऱ्यांच्या रिबोलिताची कृती शोधली. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेले'. पांढऱ्या राजम्याचे आणि पालेभाजीचे कालचे सूप, त्यात शिळा पाव घालून आज पुन्हा उकळायचे. गरिबांचे जेवण, पण शहाणपणाचे. कडधान्याच्या प्रथिनांत जे कमी, ते गव्हात मिळते. गव्हात जे कमी, ते कडधान्यात. आपल्या खिचडीचेही तेच गणित.

आम्ही वाटीभर पांढरा राजमा रात्रभर भिजवला. सकाळी ते पाणी टाकून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवला. कच्चट राहिला तर पोट बिघडते. निम्मे दाणे घोटून सूपात मिसळले, त्याने दाटपणा आला. कांदा, लसूण, गाजर मंद आचेवर तेलात परतले. पालक शेवटी घातला. उतरवल्यावर लिंबू पिळले, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे राजमा-पालकातले लोह अंगी लागते. तिकडे चवीसाठी कधीकधी डुकराची चरबी घालतात. आमचे काम लसूण आणि ऑलिव्ह तेलावर भागले. पारंपरिक पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट असते, म्हणून तेही वगळले.

शिळा पाव सूपात मुरला. अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला आणि थांबल्या. "अरे, ये तो सरीद है!"

रश्श्यात भिजवलेल्या रोटीचा तो सरीद. हदीसांत त्याचा उल्लेख मोठ्या कौतुकाने येतो. इतक्या दूरच्या चुलीवरचे सूप अम्मींना क्षणात आपले वाटले. त्या दिवशी वाटी रिकामी झाली.

अल्हमदुलिल्लाह, दोन महिन्यांत तीन किलो वजन भरून आले. आता इशाच्या नमाजनंतर अम्मीच विचारतात, "राजमा भिगोया क्या?"