बाण आणायला

धनुर्विद्या हा एकट्याचा खेळ, असं सगळेच म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला तो तसाच दिसणार. रेषेवर उभा एक माणूस, सत्तर मीटरवर टार्गेट, मध्ये नुसतं गवत आणि वारा. माझ्या लेखी मात्र खेळाचा निम्मा जीव त्यानंतरच्या भागात आहे, जो टीव्हीवर सहसा दाखवतच नाहीत. सगळ्यांचे सहा-सहा बाण सुटले की तीन शिट्ट्या होतात, धनुष्यं स्टँडवर टेकतात आणि रांगच्या रांग बाण आणायला निघते. ७२ बाणांच्या फेरीत असे बारा एंड. जायचे सत्तर, यायचे सत्तर. फेरी संपेपर्यंत दीड किलोमीटरच्या वर चाल होते. त्या चालण्यात जी माणसं मिळाली, ती आजतागायत सुटलेली नाहीत.

अमरावतीत उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पोरांना व्यायामशाळेत धाडायचे दिवस. गावाची ही सवय जुनी. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथला चमू आपले देशी खेळ दाखवून आला होता. ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली की बर्लिन हे बडनेऱ्याच्या पुढचं एखादं स्टेशन असावं असं वाटायचं. माझी सुरुवात मात्र घराजवळच्या एका साध्या मैदानावर झाली. तिथे एक निवृत्त शिक्षक पहाटे मुलांना बांबूचं धनुष्य धरायला शिकवत. धनुष्यं मोजकी, बाण त्याहून मोजके, आणि पोरं ढीगभर. म्हणून सरांचा नियम होता की बाण कुणीही मारो, आणायला सगळ्यांनी जायचं. ‘पोट्टेहो, आधी बाण मोजा, मग गुण मोजा,’ असं ते ओरडायचे. बाण हरवला की त्या दिवशी कुणाचा तरी नंबर हुकायचा.

पहिल्या महिन्यात दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सपकन लागते. कोपर किंचित बाहेर वळवायचं अंगवळणी पडेपर्यंत हा प्रसाद सगळ्यांनाच मिळतो. काळानिळा हात बघून आई आंबेहळद उगाळून लावायची आणि ‘मुलीच्या जातीला हे हवंय कशाला’ असं एकदाही म्हणाली नाही. त्या काळात, त्या गल्लीत, ही लहान गोष्ट नव्हती.

हरवलेला बाण शोधणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. टार्गेटच्या खालून गेलेला बाण उभा रुतत नाही. तो गवताच्या मुळांतून आडवा घुसतो आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही. एकाने रेषेवरच थांबून हात लांब करून दिशा दाखवायची. बाकीच्यांनी चपला काढून, त्या दिशेला आडवं होत, तळपाय जमिनीवर घासत इंचाइंचाने पुढे सरकायचं. डोळ्यांना जे सापडत नाही ते तळव्याला सापडतं. मे महिन्यात आमच्याकडे गवत वाळून बांबूच्याच रंगाचं होतं. त्यात काळ्या मातीला भेगा पडतात, आणि बारीक बाण भेगेत घसरला तर पावसाळ्यापर्यंत विसरायचा. हल्ली मेटल डिटेक्टर मिळतो. बाण कार्बनचा असला तरी टोक पोलादाचं, तेवढ्यावर तो बोलतो. आमच्या गाडीच्या डिकीत तो असतो. तरीही आम्ही आधी पायानेच शोधतो.

त्या वर्षांत आमच्यासाठी एकच नाव होतं, लिंबाराम. उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी घरातला, बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला मुलगा १९८८ साली सोलला ऑलिंपिक खेळला. १९९२ साली बीजिंगमध्ये त्याने ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. ३६ बाणांत फक्त दोन गुण गेले! सरांनी ते कात्रण आमच्यासमोर वाचलं आणि मग कितीतरी वेळ कुणी बाणच लावला नाही. बांबूचं धनुष्य हातात असणाऱ्या प्रत्येक पोराला त्या दिवशी आपलं धनुष्य वेगळं दिसायला लागलं होतं. आजही खेड्यापाड्यातली मुलं तिथूनच सुरुवात करतात, कारण रिकर्व्ह धनुष्याचा पूर्ण संच घ्यायचा तर लाखांत हिशेब जातो.

स्पर्धांना मी जाऊ लागले ती एसटीने. उभं धनुष्य कापडात गुंडाळून सीटमागे ठेवायचं आणि कंडक्टरने विचारलं की खरं काय ते सांगायचं. बहुतेक कंडक्टर खूश व्हायचे. एकाने तर अकोल्याच्या स्टँडवर खाली उतरून दोरी चढवून दाखवायला लावली आणि गाडी तेवढा वेळ थांबवली.

अशाच एका राज्य स्पर्धेत मला माझी फलटणची मैत्रीण भेटली. या खेळातली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. टार्गेटपाशी पोचल्यावर गुण लिहिले जाईपर्यंत कुणीही बाणाला किंवा टार्गेटला हात लावायचा नाही. आपले गुण आपण पुकारायचे, आणि ते तपासायचे व लिहायचे त्याच टार्गेटवर मारणाऱ्या इतरांनी, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्यांनी. बाण रेषेला चाटून असला तर वरचा गुण. माझा एक बाण नऊ आणि दहाच्या मधल्या रेषेजवळ होता. मी नऊ म्हटलं. ती खाली वाकली, मान तिरकी करून एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. ‘दहा आहे,’ म्हणाली, ‘पंचांना बोलवा.’ पंच भिंग घेऊन आले आणि त्यांनी दहा दिला. त्या एका गुणाने मी तिच्या पुढे गेले. हे होणार हे तिला वाकतानाच माहीत होतं, कारण गुणांचा कागद तिच्याच हातात होता. परत येताना ती मला तिच्या आईने दिलेल्या दशम्यांबद्दल सांगत होती. माणसाची एवढी कसून परीक्षा दुसऱ्या कुठल्या खेळात मैदानावरच, दर काही मिनिटांनी होत असेल, असं मला वाटत नाही.

मग लग्न, नोकरी, मुलं. धनुष्य कपाटावर गेलं. दसऱ्याला तेवढं खाली यायचं, झेंडूची फुलं वाहायची, आपट्याची पानं ठेवायची, की पुन्हा वर. या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खांदे आखडले, एवढं खरं.

धाकटा दहावी झाला त्या उन्हाळ्यात मी पुन्हा मैदानावर गेले. तिथे आमची चौकडी जमली: एक औषधांच्या दुकानाचा मालक, परतवाड्याचे एक मास्तर, फोनवरून फलटणची मैत्रीण, आणि मी. जुनं रिकर्व्ह एका खेळाडूकडून घेतलं. क्लिकर नावाची ती बारीक पट्टी बाण पुरता ओढला गेला की टिक् करते आणि मगच बोटं सुटायची असतात. इतक्या वर्षांनी ते टिक् ऐकलं आणि मला हुंदका आला. कुणी काही विचारलं नाही. तीन शिट्ट्या झाल्या आणि आम्ही बाण आणायला निघालो.

तेव्हापासून मे महिना आमचा. दुकानदाराची गाडी, मागे डबे, सुपारीएवढे मेणाचे गोळे, जादा दोऱ्या. धनुष्यं मात्र डिकीत कधीच जात नाहीत. विदर्भातल्या उन्हात बंद डिकी भट्टीसारखी तापते आणि लिम्बचे, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांचे, एकावर एक चिकटवलेले थर सुटायला लागतात. त्यामुळे राइजर, म्हणजे मधली मूठ, पायाशी, लिम्ब मांडीवर, त्यावर दुपट्टा, अशी अमरावती ते मैत्रिणीच्या सातारा जिल्ह्याची वाट आम्ही काढतो. मूल मांडीवर घेतल्यागत बसावं लागतं, पाय आखडतात, पण माणसं जवळजवळ बसतात.

पूर्वी मेहकरवरून सुलतानपूरला पोचलो की गाडी हमखास लोणारकडे वळायची. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं ते विवर जवळपास दोन किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं की आमच्यात पैज लागायची: समोरचं ते झाड किती मीटर? धनुर्धराला ही खोडच असते. सत्तर मीटर नजरेत इतके भिनलेले असतात की रस्त्यावरचा खांबसुद्धा आपण त्या मापात बघतो. विवराचा मात्र काही केल्या अंदाज येत नाही. खाली उतरताना झाडी सुरू होते, माकडं भेटतात, खाऱ्या पाण्याचा दर्प येतो आणि वरून केलेले सगळे हिशेब चुकलेले निघतात. पुढे सिंदखेडराजाला जिजाऊंच्या वाड्यापाशी थांबून चहा. आता समृद्धी महामार्गाने तासांचा हिशेब बदलला. आम्ही वेळेत पोचतो आणि लोणार राहून जातं, हे मला अजून पटवून घेता आलेलं नाही. यंदा जाताना नाही तर येताना तिथे वळायचंच, असं मी सगळ्यांकडून वदवून घेतलंय.

चिखलदऱ्याला मात्र धनुष्यं न्यायची नाहीत, हे मास्तरांनी पहिल्या वर्षीच सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतात, आणि पुढचा सगळा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. म्हणून परतवाड्याला त्यांच्या घरी, कपाटात, कुलूप लावून धनुष्यं ठेवायची आणि हात हलवत घाट चढायचा. वर गेलं की कीचकाची दरी, भीमकुंड. भीमाने कीचकाला मारलं आणि दरीत लोटलं ते इथेच, असं तिथले लोक मानतात. म्हणजे हीच विराटनगरी. मास्तर त्या कड्यावर बसून म्हणाले, ‘विराटाच्या नगरीत शिरायच्या आधी अर्जुनानेही गांडीव शमीवर ठेवलं होतं. आपलं परतवाड्याला आहे.’ वर्षभर अर्जुनाचा हात रिकामा होता. कपाटावरच्या माझ्या धनुष्याकडे मी इतकी वर्षं अपराधी नजरेने बघत आले होते. त्या वाक्यानंतर ती नजर गेली.

तिथल्याच गाविलगडावर आम्ही तासन् तास फिरतो. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. फुटलेल्या तटापाशी उभं राहून त्यांच्या तोफा कुठे असतील याचा माग काढायचा, मग अंतराची पैज, मग पावलं मोजत प्रत्यक्ष चालून खातरजमा. उन्हाने ओठ फुटलेले, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, आणि दुकानदाराचं म्हणणं की एकशे दहाच्या वर एक पाऊल नाही. निघाली एकशे बत्तीस. त्या रात्रीच्या रबडीचे पैसे त्याने दिले.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची जागतिक स्पर्धा आम्ही दुकानाच्या गल्ल्यावर फोन टेकवून पाहिली. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, कंपाउंड धनुष्याच्या गटात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, पंधराच्या पंधरा बाण दहात. भारताला याआधी वरिष्ठ गटात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळालं नव्हतं, आणि एका दिवसात दोन आली, दोन्ही महाराष्ट्रात. फलटणहून फोन आला तेव्हा दोन्हीकडे नुसता आरडाओरडा चालू होता. मला एकच गोष्ट खुपली. अंतिम फेरीत खेळाडू बाण आणायला जात नाहीत. ते रेषेवरच थांबतात, बाण दुसरं कुणीतरी आणून देतं. वेळेसाठी, प्रेक्षकांसाठी ते तसंच असायला हवं, हे कळतं. तरी त्या मुलीला सुवर्णाच्या बाणापर्यंत चालत जाऊन तो स्वतःच्या हाताने काढता आला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

आता आम्ही सगळे पन्नाशीपार. या गटात रिकर्व्हचं अंतर सत्तरऐवजी साठ मीटर असतं, त्यामुळे टार्गेट दहा मीटर अलीकडे आलं. दुकानदाराचा खांदा मात्र त्याला तेवढंही ओढू देईना. डॉक्टर, व्यायाम, मलम सगळं झालं आणि शेवटी त्याने कंपाउंड घेतलं. त्याच्या टोकांना चाकं असतात. दोरी पुरती मागे आली की बोटांवरचा ताण एकदम उतरतो आणि नेम धरून थांबणं सोपं जातं. खांदा वाचला. पण कंपाउंड ५० मीटरवर मारतात. मैदानावर सुरक्षेसाठी रेषा सगळ्यांची एकच, तेव्हा त्याचं टार्गेट आमच्या दहा मीटर अलीकडे लागलं.

पहिल्या सकाळी तीन शिट्ट्या झाल्या आणि आम्ही निघालो. त्याच्या टार्गेटपाशी थांबलो, त्याने गुण पुकारले, मी लिहिले, त्याने बाण काढले, पुसून भात्यात टाकले आणि तो मागे वळला. मास्तर तिथूनच ओरडले, ‘कुठं चालला बे? अजून दहा मीटर आहेत.’

तो आला. माझा एक बाण खाली गेला होता, तो त्याच्याच पायाला लागला.