हेलिकॉप्टर आणि एक खोटी टिक

"स्क्रू पाह्यला ना बे?" दादानं विचारलं आणि मी बिनधास्त म्हणालो, "हो."

नव्हता पाहिला. सेशनल सुरू होत्या, त्यामुळे आदल्या रात्री कॉटवर पडल्या पडल्याच मी तपासणीच्या वहीत सगळ्या टिका मारून टाकल्या होत्या.

हे आमच्या विंगचं रिमोटचं हेलिकॉप्टर. वर्गणी काढून घेतलेलं, 450 साइजचं, म्हणजे वरच्या पंख्याचा व्यास जेमतेम 70 सेंटीमीटर. बघणाऱ्याला खेळणंच वाटतं. पण जरा गणित करून बघा. एक पातं सुमारे 30 ग्रॅमचं, मिनिटाला 2800 फेरे, गुरुत्वमध्य अक्षापासून साधारण 19 सेंटीमीटरवर. फर्स्ट इयरचा फॉर्म्युला लावला की उत्तर येतं जवळपास 490 न्यूटन. म्हणजे 50 किलोचं पोतं त्या पात्याला लटकलंय! आणि हे सगळं धरून ठेवतो फेदरिंग शाफ्टच्या टोकाचा हरभऱ्याहून लहान स्क्रू. थरथरीनं तो सैल होतो, म्हणून निळं थ्रेडलॉक लावायचं. तेल पुसून, एकच थेंब.

मागच्या क्रॅशनंतर शाफ्ट मीच बदलला होता. थ्रेडलॉक संपलं होतं, उद्या आणू म्हणून स्क्रू नुसता आवळून ठेवला...

हेलिकॉप्टर डोक्याएवढं वर गेलं, थरथरलं आणि टण्ण! ग्रिपसकट पातं निघून सायकल स्टँडच्या पत्र्यावर आदळलं. तिथेच मेसचे काका सायकलचं कुलूप काढत होते. मध्ये फार तर हातभर अंतर.

काका म्हणाले, "फटाका होता का रे?" सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानं वही मागितली, माझी टिक पाहिली आणि काही न बोलता वही परत दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांना खरं सांगायला मला आठ दिवस लागले. पोळी वाढता वाढता त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "भाजी घे." बस्स.

हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, वायुसेनानगरला आहे, आणि मला एक स्क्रू पाहण्याचा कंटाळा! आता वीस मिनिटं लागली तरी चालतात. बॅटरी काढून डोकं हातानं फिरवायचं, बेअरिंगची खरखर ऐकायची. बॉल लिंक ढिली झाली का, गिअरचा दात गेला का. मे महिन्यात तर जायरोची डबल टेपसुद्धा पघळते. लिपो बॅटरी फुल चार्ज करून तापलेल्या रूमवर ठेवली की फुगते. म्हणून सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवतो.

तो स्क्रू मात्र पाती काढल्याशिवाय दिसत नाही. त्याच्या डोक्यावरून वॉशरपर्यंत आता नेलपेंटची रेघ मारलीय. रेघ तुटली की समजायचं, स्क्रू हलला. नेलपेंट आणायला बर्डीवर मीच गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "कोणता शेड देऊ भाऊ?"

म्हटलं, "काळ्यावर उठून दिसेल तो."