जिंकलेल्या डावातली चूक

परवा बॅकगॅमनचा डाव जिंकलो आणि रात्री वहीत चूक लिहून ठेवली. घरच्यांना याचं नवल वाटतं. जिंकल्यावर कसली चूक? पण या खेळात फासे फार सहज पांघरूण घालतात. चाल साफ चुकावी आणि पुढच्याच दानाला दोन्ही फाशांवर सहा पडावेत, की डाव आपला. निर्दोष खेळून हरणंही रोजचंच. त्यामुळे नुसती हारजीत बघणारा माणूस फाशांना बोल लावत बसतो. मी कितीतरी वर्षं तेच केलं.

परवा माझी एक सोंगटी उघडी राहणार होती. तिला जागा दोनच: समोरच्याच्या सोंगटीपासून सहा घरांवर, नाहीतर सात घरांवर. घाईत मी सहावर ठेवली. मधली वाट मोकळी असेल तर सहा घरांवरची सोंगटी 36 पैकी 17 दानांत मारली जाते, सातवरची फक्त 6 दानांत. एका घराच्या फरकाने धोका जवळजवळ तिप्पट! त्याचं दान हुकलं, मी वाचलो. वहीत मात्र ती चाल लाल शाईने उतरली.

वही चाळताना कळलं, माझ्या बहुतेक चुका भीतीतून येतात. पैज दुप्पट करणारा डबलिंग क्यूब पुढे आला की मी डाव सोडून द्यायचो. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. चार डाव सोडले, चार गुण गेले. चारही स्वीकारले, तीन हरलो, एक जिंकलो: सहा गेले, दोन आले, तोटा पुन्हा चारच. म्हणजे चारांत एकाहून थोडी जरी जास्त आशा असेल, तर सोडण्यात नुकसान. गॅमनचा, म्हणजे दुप्पट हारीचा, धोका मात्र वेगळा धरावा लागतो. तो आकडा समजूनही हात क्यूबकडे जायला कित्येक महिने लागले.

आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा प्रोग्राम 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःशीच लाखो डाव खेळून, आपले अंदाज दुरुस्त करत तयार झाला. त्याच्या चाली पाहून 4-1 च्या पहिल्या दानाला पाचव्या घरात एकटी सोंगटी ठेवण्याची जुनी रीत जाणत्यांनीही सोडली. पटावर मुरलेल्या माणसांनी आपली सवय अशी मोडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुम्ही खेळत असाल तर अशी वही जरूर ठेवा. पहिलं पान जिंकलेल्या डावाचं असू द्या.