सण कुठून आला आणि कुणाच्या नावाने चालतो

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाद हमखास डोके वर काढतो. नाताळ हा मुळात रोमन सूर्यपूजकांचा सण, ईस्टर कुण्या जुन्या देवीचा, ख्रिसमसचे झाड रानटी टोळ्यांचे. तेव्हा खऱ्या विश्वासणाऱ्याने यातले काहीच पाळू नये, असे बजावणारे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्याच वादाचे अस्सल मराठी रूप आधीच दिवाळीत येऊन गेलेले असते. दारात आकाशकंदील लावावा का? उंबऱ्यापाशी रांगोळी काढावी का? शेजारून आलेल्या फराळाच्या ताटाचे काय करावे? चर्चच्या इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. सणाचे मूळ परके असले की सण बाटतो का, एवढेच दोन्हींत विचारलेले आहे. बाटत नाही, असे माझे उत्तर आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती नेहमीच्या वादात क्वचितच ऐकू येते.

आधी नाताळच्या तारखेचा पुरावा पाहू, कारण अर्धा वाद ऐकीव माहितीवर चालतो. 25 डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून सर्वांत आधी सापडतो तो इ. स. 354 च्या एका रोमन संग्रहात. ही नोंद त्यातल्या हुतात्म्यांच्या स्मरणदिनांच्या यादीत आहे, आणि ती यादी 336 च्या सुमाराची आहे. गंमत अशी, की त्याच दिवशी ‘अजिंक्य सूर्या’चा जन्मदिन असल्याची सर्वांत जुनी नोंदही त्याच संग्रहात, त्यातल्या सरकारी दिनदर्शिकेत आहे; त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती होत, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे कुणी कुणाची तारीख घेतली हे या कागदावरून ठरत नाही. दुसरी उपपत्ती अशी: ख्रिस्ताची गर्भधारणा आणि त्याचा मृत्यू एकाच तारखेला, 25 मार्चला झाला, असे काही प्राचीन ख्रिस्ती लेखक मानत. ऑगस्टीनने हे स्पष्टच लिहून ठेवले आहे. 25 मार्चपासून नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर येतो. चर्चने सूर्याचा सण मुद्दाम उचलला, हे विधान उघडपणे केलेले आढळते ते थेट बाराव्या शतकातल्या एका सिरियाक टिपणात. सूर्यसणाचा प्रभाव अजिबात नव्हता असे मी म्हणत नाही. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर उजेडाचा सण यावा, हे त्या काळच्या माणसाला रुचले असणारच. पण ज्या ठामपणे हे संदेश फिरतात, तो ठामपणा पुराव्यात नाही. त्यातला बराचसा अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाळकाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकातून आला आहे. रोमन कॅथलिकांची प्रत्येक प्रथा बाबिलोनला नेऊन भिडवण्याचा त्याने चंग बांधला होता. त्याच्या मतांचा प्रचार करणारे पुस्तक लिहिलेल्या राल्फ वुड्रो या अमेरिकन लेखकाने पुढे मूळ साधने तपासली, आपले पुस्तक मागे घेतले आणि 1997 मध्ये त्याचे खंडन करणारे दुसरे लिहिले.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले आणि 1831 पासून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाण मांडलेले अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या प्युरिटन परंपरेतून आले. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि तिथे या दिवसाला सुट्टी मिळाली ती 1856 मध्ये. पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरीही नाताळ न पाळणाऱ्या परंपरेतलेच. स्कॉटलंडमध्ये ही सार्वजनिक सुट्टी व्हायला 1958 उजाडले. आज नगरच्या किंवा पुण्याच्या मंडळीत नाताळला चांदणी लागते, करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात, ते काही या लोकांनी शिकवले नाही. आपल्याकडे नाताळ फुलला तो मराठी सणाच्या साच्यात. ज्याला मूळच्या शुद्धतेचा आग्रह आहे, त्याने आपल्या नाताळातली चकली कुठून आली हेही सांगायला हवे.

मुळाने सण बाटत असेल, तर वस्तूही बाटायला हव्यात. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर आणल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळच्या मेणवलीला, एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात. क्रूसाची खूण असलेली घंटा वाजली म्हणून भीमाशंकरच्या दर्शनाला आलेला भाविक ख्रिस्ती होत नाही, आणि तसा संशय कुणाला आल्याचेही ऐकिवात नाही. घंटा कुणासाठी वाजते याला महत्त्व आहे, ती कुठे ओतली गेली याला नाही. हाच न्याय ख्रिस्ती माणसाने स्वतःला लावून घेतला तर काय बिघडले?

यावर जाणता माणूस बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाकडे बोट दाखवील: इतर राष्ट्रे आपल्या देवांना जशी भजतात तसे करू नका, अशी आज्ञा तिथे आहे. आक्षेप वजनदार आहे. पण त्या अध्यायाने उदाहरण दिले आहे ते मुलाबाळांना आगीत होमण्याचे. म्हणजे रोख त्या पूजेवर आणि तिच्यातल्या क्रौर्यावर आहे. नाहीतर शलमोनाने परमेश्वराचे मंदिर बांधताना सोरचा राजा हिराम याचे लाकूड आणि कारागीर मागवलेच नसते. बेखमीर भाकरीचा आणि सप्ताहांचा सण यांच्या मागेही कनानातले सुगीचे सण असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेतकऱ्याचा सण इस्राएलाच्या मुक्तीच्या आठवणीला जोडला गेला. आपल्या वसईत आगेरा साजरा होतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणल्या जातात, तेव्हा हेच घडते. त्याच दिवसांत कोकणातला हिंदू शेतकरी दारावर नव्या लोंब्यांचे ‘नवे’ बांधतो. भात एक, सुगी एक. कृतज्ञता कुणापाशी व्यक्त करायची तेवढे वेगळे.

उलट टोकाला गेल्यावर काय होते, हे गोव्याने दाखवले आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, 1736 च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांना अंगणात तुळस लावायला, बायकांना चोळी आणि पुरुषांना धोतर घालायला बंदी केली. इतकेच नव्हे, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवण्यालाही. भातातल्या मिठात धर्म शोधणारी ही नजर त्याच भूमीतल्या फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ख्रिस्तपुराणाशेजारी ठेवून पाहावी. ओवीत, पुराणाच्या घाटात त्याने सबंध बायबल सांगितले आणि कुणाचा विश्वास त्यामुळे पातळ झाला नाही. हिंदूंच्या बाजूनेही हा सोवळेपणा होताच. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचे प्रकरण, आले. चहाने त्यांचा धर्म गेला नाही, तसा आमचा लाडवाने जात नाही.

आता ती अट. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, कीर्तन, ओवी चर्चमध्ये रुजवली. 1922 साली स्थापन झालेल्या ख्रिस्त सेवा संघाने पुढे शिवाजीनगरला आश्रम उभारला, खादी आणि साधी राहणी स्वीकारली. हे काम मला मोलाचे वाटते. पण हा मराठीपणा बहुतांशी उच्चवर्णीय संस्कृतीतून घेतलेला होता. 1870 नंतर नगर जिल्ह्यात जे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते प्रामुख्याने महार आणि मांग समाजातले. त्यांच्या लेखी जुने सण सोडणे म्हणजे मेलेली ढोरे ओढणे, सणाला उरलेसुरले मागायला जाणे, मुलीला मुरळी म्हणून सोडणे यांतून सुटणे होते. दलित ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी 1980 च्या दशकात भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराला हेच सुनावले, की तुमच्या ‘भारतीय’पणात दलित कुठे आहे? तेव्हा एखाद्या आजीने दारात कंदील नको म्हटले, तर तिला अडाणी किंवा कर्मठ ठरवण्याचा अधिकार पुस्तके वाचलेल्या आम्हा लोकांना नाही. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल करिंथकरांना लिहिताना पौलाने नेमका याच माणसाचा विचार केला आहे. मूर्ती काहीच नाही हे त्याला मान्य आहे. तरी जो नुकता त्या पूजेतून बाहेर आला त्याच्या मनाला ठेच लागत असेल, तर आपले स्वातंत्र्य आवरते घ्यावे असे तो सांगतो. म्हणून सणाचा उगम शोधण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: आज त्यात पूजा कुणाची होते, आणि घरातल्या कुणाला त्याचा जाच होतो का?

राहिली एक शंका, तीही रास्त आहे. ख्रिस्ती लोक कंदील लावतात तो धर्मांतराचे आमिष म्हणून, असे काही हिंदूंना वाटते. 1606 मध्ये मदुराईला गेलेल्या रॉबर्ट दे नोबिलीने ब्राह्मण संन्याशाचा वेश घेतला, तेव्हापासून हा संशय आहे. त्याला उत्तर एकच: जे करायचे ते उघड करावे आणि जिथे नाही म्हणायचे तिथे नम्रपणे नाही म्हणावे. तेव्हा पुण्यातल्या ख्रिस्ती घराने दिवाळीला कंदील खुशाल लावावा, फराळ घ्यावा आणि द्यावा, नाताळ निःशंक साजरा करावा; लक्ष्मीपूजनाच्या आरतीला हात जोडून उभे राहू नये; आणि ज्या घरात कंदील दिसणार नाही, त्या घराला मंडळीत कुणी त्याचे कारण विचारू नये.