पाण्याच्या मागावर

इतिहास वर्गात शिकवता येतो. परंतु पायांनी चालल्यावाचून तो अंगी मुरत नाही, असे माझे इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत आहे. याच विचाराने आपल्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही एका हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरला नेले. सहलीला नाव दिले होते ‘खजिना-शोध’. मुलांच्या हाती कोड्यांच्या चिठ्ठ्या होत्या आणि माग काढायचा होता तो मलिक अंबरच्या नहरीचा.

इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आलेला हा हबशी पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्णधार झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्याच बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसवले. पुढे तेच औरंगाबाद म्हणून ओळखले गेले. नगर वसवायचे तर पाणी हवे. उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी मुरणारे पाणी त्याने जमिनीखालच्या मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, नगरात खेळवले. हीच ‘नहर-ए-अंबरी’.

पहिली चिठ्ठी होती : ‘मी जमिनीखालून चालते, पण श्वास घ्यायला वर येते.’ हर्सूलच्या बाजूला मुलांनी नहरीची दगडी तोंडे शोधून काढली. हवा खेळती राहावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी, यासाठी ती ठेवलेली आहेत. काहींत कचरा साचला होता. मुले ते पाहून गप्प झाली. दुसरी चिठ्ठी : ‘ना बैल, ना माणूस, तरी जाते फिरते.’ उत्तर होते पाणचक्की. ती अठराव्या शतकातली. तिची नहर वेगळी, पण विद्या तीच. मातीच्या नळांतून आलेले पाणी उंचावरून पात्यांवर पडे आणि यात्रेकरू व फकिरांसाठी पीठ दळले जाई.

तेथील हौदाजवळ एका मुलीने विचारले, “सर, हे पाणी आपल्या पूर्वजांना पिऊ देत होते का?”

या प्रश्नासाठीच ही सहल होती, असे मला वाटले. मी तिला जवळच्याच दौलताबादची हकिकत सांगितली. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी प्रवेशद्वारापाशील हौदाचे पाणी वापरले, तेव्हा पाणी बाटवले म्हणून जमाव त्यांच्या अंगावर धावून आला. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, सशस्त्र शिपाई सोबत देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. डोंगरातले पाणी मैलोगणती दूर आणता आले. हौदापासून ओंजळीपर्यंतचे अंतर मात्र तेवढ्याने मिटले नाही.

तिसरी चिठ्ठी : ‘दार आहे, घर नाही, बांधणारा एके काळी गुलाम, समोर उभा आहे मुक्तिदाता.’ मुले धावतच भडकल दरवाजापाशी पोहोचली. मलिक अंबरने उभारलेला तो भव्य दरवाजा आणि त्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा! ज्या प्रदेशात हौदाला स्पर्श करण्यास मनाई झाली, तेथेच १९५० मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले. त्याचे नाव मिलिंद, प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. हाती आलेला खजिना कोणता, हे मुलांना समजावून सांगावे लागले नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकच विनंती. आपल्या गावातील जुनी विहीर, बारव किंवा पाट मुलांना दाखवा. तेथे कोण पाणी भरत होते, कोणाला लांब उभे राहावे लागत होते आणि ते कधी थांबले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. दगड आणखी शंभर वर्षे टिकतील. सांगणारी माणसे मात्र आताच विरळ होत चालली आहेत.