कॅप निघाली, खुंटी शाबूत

इम्प्लांटचा दात म्हणजे जन्माची निश्चिंती, अशी आपली समजूत असते. त्यामुळे जेवताना कॅप निघून हातात आली, तेव्हा सासूबाई रडवेल्याच झाल्या. "अगं, सगळे पैसे पाण्यात!" म्हणत त्या घरातला झटपट चिकटणारा गोंद शोधू लागल्या. ती ट्यूब मी आधी लपवली.

पैसे पाण्यात गेले नव्हते. हाडात रोवलेली टायटॅनियमची खुंटी जागच्या जागी होती. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं, हे ओळखून स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. निघाली होती ती फक्त सिमेंटने चिकटवलेली झिर्कोनियाची कॅप. डॉक्टरांनी ती साफ करून, आतून बारीक कणांच्या फवाऱ्याने खरखरीत करून पुन्हा बसवली.

मग आधीच पक्कं का चिकटवत नाहीत? मलाही राग आला होता. पण खालचा स्क्रू सैल झाला, तर कॅप काढावीच लागते; फार पक्की असेल तर फोडावी लागते. म्हणून कित्येक डॉक्टर मुद्दाम बेताचंच सिमेंट वापरतात. खरा धोका वेगळाच. जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं, तर सूज येते, पुढे हाडही झिजतं. आणि काही सिमेंट एक्स-रेत दिसतही नाही!

स्क्रूने कसलेल्या कॅपला ही भीती नाही. वरचं भोक दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. तेव्हा दात बसवण्याआधीच विचारा, "डॉक्टर, कॅप चिकटवणार की कसणार?"