मातीला आलेला फेस

बी.एड.ला पाठ घ्यायला शिकवतात. कपाटातल्या बाटल्यांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि मी गांगरून गेले. निम्म्या बाटल्यांची लेबलं निघालेली. समोरचं नितळ द्रावण पाणी की आम्ल, आणि आम्ल असेल तर विरल की संहत, काही कळेना.

प्रयोगशाळेतल्या परिचर काकांनी मला धडे दिले. "मॅडम, बाटलीला नाक लावू नका, हातानं वास इकडे घ्या. अन् आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही." आम्लात पाणी पडलं की एवढी उष्णता निघते, की पाणी उसळून आम्ल अंगावर उडतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे. काकांच्या हातात ते मुरलेलं होतं. तास भरण्याआधी ते प्रत्येक गटापुढे परीक्षानळ्या, ड्रॉपर, लिटमस मांडून ठेवत. ते रजेवर असले, की अर्धा तास शोधाशोधीतच जाई.

आम्ल-आम्लारीच्या धड्याला मुलांना आपापल्या वावरातली माती आणायला सांगितली. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच एका मुलीच्या काळ्या मातीला फसफसून फेस आला. शेजारच्या मुलाची माती ढिम्म.

"मॅडम, माह्याच मातीले काऊन?"

तिच्या मातीत चुनखडी आहे. आम्लाशी तिची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना नीट मिळत नाही, म्हणून सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. ती लगेच म्हणाली, "आमचं तसंच पडते!" दुसऱ्या दिवशी तिनं त्या अभिक्रियेचं समीकरण न बघता फळ्यावर लिहिलं. मग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात लाल लिटमस निळा झाला, तेव्हा लोणार सरोवराच्या आम्लारीधर्मी पाण्यातही असंच होईल, हे वर्गानं आपणहून ओळखलं.

बारावीला रसायनशास्त्राच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे. तरी कित्येक प्रयोगवह्या दुसऱ्याची वही पाहून भरल्या जातात. नुसत्या उतरवलेल्या वहीतून त्या मुलीला तिचं वावर कळलं नसतं.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे: नवं सामान घेण्याआधी प्रयोगशाळा सहायक आणि परिचरांची रिकामी पदं भरा. आणि पालकांनो, मुलांना गुण विचारता तसं हेही विचारा, की या महिन्यात स्वतःच्या हातानं कोणता प्रयोग केला?